१६० ची गाडी, १८० ची गाडी आणि कसारा घाट: वापरानंतरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. १६ ते १९ टन पासिंगचा (गाडी आणि माल मिळून मान्य वजन) ट्रक घेताना नुसता एचपीचा (इंजिनच्या ताकदीचा) आकडा बघून भुलू नका, टॉर्क (फिरवण्याचा जोर, एनएममध्ये मोजतात) किती आणि तो किती आरपीएमपासून (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतो ते विचारा. आणि सेकंडहँड गाडीत कोणी मॅप मारलेला (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) असेल तर त्याचे जास्त पैसे देऊ नका, उलट त्यावरून भाव पाडा.

आता सविस्तर. आमच्याकडे दोन गाड्या आहेत. एक बीएस-४ (आधीच्या धूर-नियमांची), सेकंडहँड घेतलेली, कागदावर १६० एचपी आणि ५०० एनएम. आधीच्या मालकाने तिला रिमॅप करून घेतलं होतं आणि "आता १९० झालीय" असं छातीठोक सांगून विकली. दुसरी नवी, बीएस-६, पाच लिटरचं इंजिन, १८० एचपी आणि ७०० एनएम. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, नाहीतर खाली तुझी चांगली की माझी चांगली सुरू होईल आणि मुद्दा बाजूला राहील. धंदा असा की नाशिकहून कांदा नाहीतर द्राक्षाचे बॉक्स घेऊन वाशी मार्केट, आणि येताना भिवंडीच्या गोडाऊनमधून जे मिळेल ते भाडं अंबड-सातपूरला. म्हणजे कांद्याच्या लोडने घाट उतरायचा आणि रिटर्नच्या लोडने चढायचा. उतरताना एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) दोन्हीचा ठीक आहे, नवीचा जरा जास्त धरतो, त्यावर बोलण्यासारखं फार काही नाही.

खरी परीक्षा चढताना. पूर्वी गाडीच्या नावातच सगळं असायचं, ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तर एचपी, लहान पोरालाही कळायचं. आता नावातल्या आकड्याचा आणि ताकदीचा मेळ बऱ्याचदा लागतच नाही, त्यामुळे आपण ब्रोशरवरचा मोठ्ठा आकडा बघतो. पण तो आकडा फ्लायव्हीलवरचा (इंजिनच्या तोंडाशी मोजलेला) असतो, गिअरबॉक्स आणि हौसिंगमधून (मागच्या ॲक्सलमधून) चाकापर्यंत जाताना त्यातला काही भाग जातोच, आणि मुख्य म्हणजे तो फुल आरपीएमचा असतो, १६० वाल्याला २६०० च्या आसपास. लोड घेऊन घाट चढताना तुमचा ड्रायव्हर इंजिन सतत २६०० ला ठेवतो का? आमचे ड्रायव्हर काका तर अजिबात नाही, त्यांना आवाज चढलेला आवडत नाही, १२००-१५०० मध्येच गाडी खेळवतात.

हिशोब सोपा आहे, एनएमला आरपीएमने गुणा आणि ७०२३ ने भागा, एचपी निघते (ब्रोशरवाली). १२०० आरपीएमला ५०० एनएमची गाडी देते ८५ एचपी. त्याच १२०० ला ७०० एनएमची देते जवळपास १२०. म्हणजे ब्रोशरवर फरक २० चा आणि प्रत्यक्ष जिथं आपण गाडी चालवतो तिथं ३५ चा. १६ टन वजन घेऊन पाच टक्के चढ ताशी ३० ने चढायचा तर चाकावरच १०० एचपीच्या आसपास लागतात, म्हणून जुनी गाडी त्या जागी दम खाते, काका गिअर पाडतात, स्पीड जातो, मागचे हॉर्न मारतात. नवी त्याच वळणावर एक गिअर वर राहून निघते आणि डिझेलचा फरकही मला तिथंच पडलेला वाटतो. नवीचं इंजिन मोठं असूनही लोडवर ॲव्हरेज जुनीइतकंच पडतं, कधी थोडं जास्तच, ही मला अपेक्षा नव्हती.

सपाटीवर मात्र सगळे सारखे. ताशी ६० ने जायला या वजनाला पन्नासच्या आसपास एचपी पुरते, आणि ८० ला गव्हर्नर (वेग रोखणारा) बसवलेलाच आहे, त्यामुळे समृद्धीवर एक्स्ट्रा ताकदीचं लोणचं घालायचं का. इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा टाळताही येतो, पण टोल जोडून बघितला तर प्रत्येक भाड्याला परवडत नाही, म्हणून आम्ही अजून बऱ्याचदा घाटानेच.

आता मॅपचं. रिमॅप म्हणजे लॅपटॉप लावून ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) फाईल बदलतात, डिझेल जास्त सोडतात, रेल प्रेशर (डिझेल फवारण्याचा दाब) आणि टर्बोचा बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवतात. कागदावर १९० लिहून दिलं होतं पण ट्रकचा डायनो (ताकद मोजायचं मशीन) त्या माणसाकडे नव्हताच, म्हणजे आकडा तोंडी. १८०० च्या वर गाडी खरंच सणसणीत पळायची, खोटं कशाला बोलू. पण १३००-१४०० च्या खाली काहीच फरक नाही, कारण तिथं टर्बो पुरेशी हवाच देत नाही, नुसतं डिझेल वाढवलं की काळा धूर. म्हणजे ज्या ठिकाणी गरज होती तिथंच नाही मिळालं! शिवाय एप्रिल-मेमध्ये घाटात टेंपरेचरचा काटा वर, आणि क्लच प्लेट वेळेच्या बरीच आधी गेली. क्लच, गिअरबॉक्स, कूलिंग हे सगळं कंपनीने मूळ टॉर्कच्या अंदाजाने दिलेलं असतं, एकटं इंजिन वाढवून बाकीच्यांनी काय करायचं. शेवटी मूळ फाईल परत टाकून घेतली. काकांना आठवडाभर पिकअप कमी वाटला, मग विसरले. धूर गेला, काटा जागेवर आला.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला हेच काढून दाखवू शकतो ते वेगळंच.

कोणी म्हणेल, मग कंपनी स्वतःच एका इंजिनात वेगवेगळी एचपी देते ते कसं? देते ना. अमेरिकेत कमिन्सचं ६.७ लिटरचं बी सिरीज इंजिन ट्रकला २०० पासून ३२५ एचपीपर्यंत वेगवेगळ्या रेटिंगमध्ये मिळतं. पण तिथं वरची रेटिंग फायर ब्रिगेडच्या गाड्यांना वगैरे देतात, ज्या फुल ताकदीवर थोडाच वेळ पळतात. रोज दिवसभर लोड ओढणाऱ्या गाडीला तीच रेटिंग दिली तर इंजिन लवकर झिजतं. शिवाय रेटिंगबरोबर गिअरबॉक्स, कधी टर्बोसुद्धा वेगळा येतो. आपला रिमॅपवाला फक्त फाईल देतो.

त्यापेक्षा गाडी बुक करतानाच क्राऊनचे (मागच्या ॲक्सलच्या गिअरचे) कोणते रेशो मिळतात ते विचारा. सेल्समन स्वतःहून सांगत नाही, आमच्यावाल्याला तर दोनदा वर फोन लावावा लागला. घाटाचं काम जास्त असेल तर मोठा आकडा, समृद्धी-गुजरात लाईन असेल तर छोटा. त्याचा फायदा रोज मिळतो आणि वॉरंटीही शाबूत राहते.

नवीच्या तक्रारीही आहेत. लोडप्रमाणे मोड बदलायचं बटण आहे, काका ते कायम हेवीवरच ठेवतात, रिकाम्या गाडीलाही, आणि मग ॲव्हरेज कमी म्हणून मी बोंब मारतो. युरियाचा कॅन (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालतात तो) स्वस्तातला घेऊ नका, एका ढाब्याजवळ घेतलेल्या कॅननंतर लाईट लागली आणि गाडीने ताकद कापली, ऐन शहापूरला, १८० एचपी असून टेम्पो पुढे जात होते. सेन्सर साफ करून सुटलं. डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजन, म्हणजे काजळी जाळून साफ होणं, गावातल्या छोट्या फेऱ्यांत पूर्ण होत नाही, त्यामुळे ज्यांचं काम फक्त एमआयडीसीच्या आत-बाहेर आहे त्यांनी हे मोठं इंजिन घेऊच नये, हप्ता जास्त बसेल आणि फायदा शून्य.