पीडीओचं रोकाउंट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पीडीओ म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय, आणि चालवलेल्या क्वेरीचा किती ओळींवर परिणाम झाला ते सांगणारी तिची मेथड म्हणजे रोकाउंट(). पीएचपी ८.२ आणि मायएसक्यूएल ८.० वर रोजच्या कामात ती आठ महिने वापरून झाली. भरवशाची आहे, पण तिने दिलेल्या शून्याचा अर्थ नीट कळल्यावरच.

अपडेट चालवल्यावर एक्झिक्यूट() ट्रू देतं, एकही ओळ बदलली नसली तरी. म्हणून खरा आकडा रोकाउंट() लाच विचारायचा. मायएसक्यूएलमध्ये तो मुळात 'बदललेल्या' ओळींचा असतो, 'सापडलेल्या' नव्हे. ग्राहकाचा फॉर्म उघडला, काही न बदलता सेव्ह दाबलं, तर उत्तर शून्य. त्यावर कोडमध्ये 'ग्राहक सापडला नाही' असा संदेश लावला असेल तर तो साफ खोटा. तेच अपडेट कन्सोलवर चालवलं की सरळ दिसतं: मॅच झालेली १, बदललेली ०.

ओळ दरवेळी बदललेली दिसावी म्हणून बरेचजण यावर अपडेटेड_अ‍ॅट = नाऊ(), म्हणजे बदलाची वेळ, जोडतात. पुरत नाही. नाऊ() सेकंदापर्यंतच मोजतं, त्यामुळे सेव्हवर दोनदा पटकन क्लिक झालं की दुसऱ्या वेळी पुन्हा शून्य. खरा उपाय म्हणजे मायएसक्यूएल_अ‍ॅटर_फाउंड_रोज हा पर्याय ट्रू करणं. तो पीडीओ ऑब्जेक्ट तयार करतानाच, चौथ्या पॅरामीटरमध्ये द्यायचा. सेटअ‍ॅट्रिब्यूट() ने मागाहून देऊन काही होत नाही. चालू प्रोजेक्टमध्ये लावण्याआधी रोकाउंट वापरलेली प्रत्येक जागा तपासा, कारण त्यानंतर आकडा सापडलेल्या ओळींचा होतो.

सर्वात आवडलेला वापर स्टॉकचा. आधी सिलेक्ट करून शिल्लक बघायची आणि मग वजा करायची, यात दोन गिऱ्हाइकांना एकच शेवटचा नग विकला जाऊ शकतो. त्याऐवजी एकच अपडेट: शिल्लक = शिल्लक - १, व्हेअरमध्ये आयडी आणि शिल्लक >= १. आकडा १ आला तर माल मिळाला. ० आला तर रोलबॅक करून 'माल संपला' दाखवा. इथे शिल्लक दरवेळी बदलतेच, म्हणून पर्याय चालू असो वा बंद, उत्तर बरोबरच येतं. व्हर्जन = व्हर्जन + १ करून दोघांची एकाच नोंदीवरची ओढाताण पकडतानाही हेच लागू.

इन्सर्ट ऑन डुप्लिकेट की अपडेटचे (की आधीच असेल तर नवीन ओळ न घालता जुनीच बदलणाऱ्या इन्सर्टचे) आकडे वेगळे: नवीन ओळ १, बदललेली जुनी ओळ २, जशीच्या तशी राहिलेली ०, फाउंड रोज चालू असेल तर या शेवटच्यालाही १. म्हणून तिथे '=== १' अशी तपासणी नको.

फॉरेन कीच्या कॅस्केडने, म्हणजे मूळ ओळीसोबत आपोआप, उडालेल्या दुसऱ्या टेबलातल्या ओळी डिलीटच्या आकड्यात धरल्या जात नाहीत. सिलेक्टच्या ओळी मोजायला तर हे वापरूच नका, त्यासाठी काउंट(*) आहे.