बिलात नुसतं ‘जीआय’ लिहिलंय? थांबा!

गव्हाणीच्या दांड्या, खांब, फाटक यांसाठी पाइप घेताना किनारपट्टीतल्या गोठेवाल्यांची फसवणूक होते ती अशी: तोंडी बोलणं ‘हॉट डिप’चं, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या मालाचं, बिलात नुसतं ‘जीआय’, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, आणि टेम्पोतून उतरतो जीपी पाइप.

जीपी म्हणजे आधीच जस्त चढवलेली पट्टी वळवून केलेला पाइप. पट्टीवर चौरस मीटरमागे 120 ग्रॅम जस्त असलं तर तो आकडा दोन्ही बाजू मिळून. एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वेल्डिंगच्या जागी तेवढंही जळतं, आणि वर चंदेरी फवारा बसतो. खऱ्या हॉट डिपमध्ये कापणं, भोकं, वेल्डिंग सगळं आटोपून अख्खी चौकट सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. आयएस 4759 या भारतीय मानकाप्रमाणे 2 ते 5 मिमी जाडीला चौरस मीटरमागे 460 ग्रॅम जस्त लागतं, म्हणजे साधारण 65 मायक्रॉन.

नवेपणी जीपीच जास्त गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो, म्हणून माणूस फसतो. गंज बघायचा तो कोब्यापासून दोन बोटं वर. शेण-मूत तिथे साचतं, मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, खारा वारा मीठ आणून ठेवतो आणि पावसाळाभर ती जागा सुकत नाही. आधी पांढरी भुकटी धरते, मग तांबडे पापुद्रे सुटतात. कमरेपाशी पाइप चांदीसारखा, खाली स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. त्याच खांबाला म्हैस बांधलेली असते!

माल उतरवतानाच भोकं शोधा. बंद पाइपात अडकलेली हवा आणि ओल गरम जस्तात स्फोट करते, म्हणून भोकांशिवाय चौकट बुडवतच नाहीत. सगळी तोंडं वेल्डने बंद आणि भोक एकही नाही, तर ती बुडवलेली नाही. मग थिनरचं फडकं जोडावर घासा. फडक्याला चंदेरी रंग आला तर तो फवारा. कोटिंगची जाडी मोजायचं मीटर त्यानंतरच लावा, कारण ते रंगाची जाडीही जस्तातच मोजतं. बिलावर ‘फॅब्रिकेशननंतर हॉट डिप, आयएस 4759’ लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता मीटर लावल्यावरच द्या.

स्टेनलेस स्टीलमध्ये 304 हा भारी प्रकार सांगून 202 हा जास्त मँगनीजचा स्वस्त प्रकार खपवतात. लोहचुंबकाने फरक कळत नाही, मँगनीज तपासायच्या थेंबांनी कळतो.

जीपी बसूनच गेला असेल तर सडलेला पाय कापून नवा जोडा. बाकी खांब चकाकेपर्यंत घासा, झिंक प्रायमर द्या, कोब्यापासून फूटभर इपॉक्सी चढवा आणि बुंध्याला काँक्रीटची उतरती कॉलर करा, म्हणजे मूत तिथे थांबणार नाही.