गिअरची, एएमटी की सीव्हीटी? मुंबईत रोज चालवणाऱ्यांसाठी

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "ताई, ऑटोमॅटिक घेऊ की गिअरची?" मी त्याला उलट तीन प्रश्न विचारले. रोज कुठून कुठे जातोस? गाडी कुठे लावतोस? घरात अजून कोण चालवणार आहे? तो राहतो घोडबंदर रोडला, ऑफिस बीकेसीत, पार्किंग टॉवरखालच्या पोडियमच्या तिसऱ्या मजल्यावर आणि त्याची बायको नुकतीच गाडी शिकली आहे. एवढं ऐकल्यावर माझं उत्तर जवळजवळ ठरलं. ते तसंच का ठरलं हे सविस्तर लिहायचं कारण एवढंच, की हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

शोरूममध्ये क्लचचं पेडल नसलेली प्रत्येक गाडी 'ऑटोमॅटिक' असते. इथेच पहिला घोटाळा होतो. ऑटोमॅटिकचे प्रकार चार, ते पुढे सांगतेच. मारुती फ्राँक्सचं बघा. १.२ लिटर इंजिन घेतलं तर एएमटी मिळते, १.० टर्बो घेतलं तर सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर. निसान मॅग्नाइटमध्ये साध्या इंजिनाला एएमटी आणि टर्बोला सीव्हीटी. नाव एक, बाहेरून गाडी तीच, पण चढावर उभ्या राहतात तेव्हा वागणं पूर्ण वेगळं. म्हणून सेल्समनला "ऑटोमॅटिक आहे का" असं विचारू नका, "कुठली ऑटोमॅटिक आहे" असं विचारा.

एएमटी म्हणजे गिअरचीच गाडी. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक यंत्र करतं. आपल्याकडे हा प्रकार मारुती सेलेरिओने २०१४ मध्ये आणला आणि स्वस्तात दोन पेडलची गाडी मिळू लागली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, ताकद त्या तेलातून पुढे जाते. गाडी मुंगीच्या पावलाने सरकवताना घासून जळणारी क्लच प्लेट तिथे नसते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यावर फिरणारा पोलादी पट्टा, पुल्यांचा व्यास कमीजास्त होत राहतो. म्हणून गचका शून्य, पण पाय जोरात दाबला की आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. चौथा प्रकार ड्युअल क्लच: एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. हायवेवर याच्याइतका आनंद दुसरा कुठलाही देत नाही. मात्र कोरड्या क्लचचा असेल तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, तेव्हा क्लच तेलातला आहे की कोरडा हे विचारून घ्या.

रोजचा रस्ता

अकरा वर्षं मी गिअरची गाडी बोरिवलीहून परळला नेली. एकदा मुद्दाम मोजलं होतं. नॅशनल पार्कच्या दारापासून वांद्र्यापर्यंत क्लच दोनशेच्या वर वेळा दाबला गेला, तेही पाऊस नसताना. चाळिशीनंतर डावा गुडघा संध्याकाळी बोलायला लागतो, आणि दुखणाऱ्या पायाने माणूस क्लच पूर्ण दाबत नाही, हाफ क्लचवर गाडी सरकवत राहतो. माझी पहिली क्लच प्लेट ४२ हजार किलोमीटरला गेली. दुसरी मी जपून वापरली. सिग्नलला न्यूट्रल आणि हँडब्रेक, चालवताना डावा पाय क्लचवर न ठेवता बाजूच्या फूटरेस्टवर. ती गाडी विकेपर्यंत टिकली. म्हणजे गिअरची गाडी मुंबईत चालतच नाही असं कुणी म्हटलं तर मला पटत नाही. ती चालते, पण दिवसाचे दोन-अडीच तास शिस्तीची आणि कष्टाची मागणी करते.

एएमटीत कष्ट जातात, शिस्त मात्र तुमच्याकडेच राहते, आणि हे लोकांना माहीत नसतं. ब्रेक सोडल्यावर एएमटी जी हळूहळू सरकते ती हाफ क्लचवरच. पुढच्या गाडीच्या मागे अर्धा-अर्धा फूट सरकत राहिलात तर आत क्लच घासतोय. त्यापेक्षा थोडी जागा होऊ द्या आणि एकदाच पुढे घ्या. लांब सिग्नलला न्यूट्रल करून हँडब्रेक ओढा. गिअर बदलताना जी मान हलते ती कमी करायची असेल तर त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित सैल करायचा. आठवड्याभरात पायाला कळायला लागतं.

टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत यातलं काहीच करावं लागत नाही. डीमध्ये, म्हणजे ड्राइव्हमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय ठेवा, झालं. किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. एएमटीचं ॲव्हरेज गिअरच्या गाडीएवढंच पडतं, टॉर्क कन्व्हर्टरचं शहरात खाली येतं, सीव्हीटी साधारण मधली. ब्रेक पॅडही थोडे लवकर झिजतात, कारण सरकू पाहणारी गाडी पूर्ण वेळ ब्रेकनेच धरून ठेवायची असते.

पोडियमचा चढ

मुंबई-ठाण्याच्या नव्या टॉवरांमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. गाडी घ्यायच्या आधी चढाचा विचार कुणी करत नाही, आणि घेतल्यावर रोज दोन वेळा तोच चढ समोर असतो.

माझ्या मोठ्या दिरांकडे एएमटी आहे, पार्किंग चौथ्या पोडियमवर. रॅम्प अरुंद, मधे वळण, वरून गाडी आली की खालच्याने चढावरच थांबायचं. सुरुवातीचे काही महिने ते चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी जागेवर धरायचे. गाडी उभी राहायची, म्हणून त्यांना वाटायचं सगळं ठीक आहे. एके दिवशी वर पोहोचेपर्यंत गाडीत जळका वास भरला, रबर आणि कापूस एकत्र जाळल्यासारखा, आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा दिवा लागला. त्या दिवशी मी शेजारच्या सीटवर होते. अर्धा तास थांबल्यावर दिवा गेला, पण क्लच प्लेट पुढे सहा महिन्यांत बदलावी लागली. गाडीचा दोष नव्हता. चढावर गाडी धरायची ती ब्रेकने, निघताना हँडब्रेक सोडत पाय द्यायचा, हे डिलिव्हरी घेताना त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हिल होल्ड असलेली एएमटी इथे बरीच सुसह्य होते. ब्रेकवरून पाय काढल्यावर ती दोनेक सेकंद गाडी मागे येऊ देत नाही. ज्या व्हेरिएंटमध्ये हिल होल्ड आहे त्यात बहुतेक ईएससीसुद्धा असतं, आणि ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागल्यावर चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून सरळ ठेवणारी ही सोय मला टचस्क्रीन आणि सनरूफ या दोन्हींपेक्षा मोलाची वाटते. बजेट ताणायचं असेल तर यासाठी ताणा.

टॉर्क कन्व्हर्टर बेताच्या चढावर आपसूक उभी राहते. सीव्हीटीसुद्धा बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर लावूनच येतात, त्याही तशाच. गिअरची गाडी चढावर किती मागे येईल हे सर्वस्वी तुमच्या पायावर, आणि मागे बंपरला चिकटून रिक्षा उभी असते तेव्हा नव्याने शिकलेल्या माणसाच्या हाताला घाम सुटतो. म्हणूनच भावाच्या बायकोचा विचार मी आधी केला.

नव्याने दोन पेडलवर येणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांना मात्र एक वेगळा धोका असतो. डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि ब्रेकवर पडतो. क्लच दाबतात तितक्या जोराने ब्रेक दाबला गेला की मागचा तुमच्यावर येऊन आदळतो. दुसरी चूक पार्किंगमध्ये होते: ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर, आणि घाबरून तोच अजून जोरात. उपाय एकच. डावा पाय मागे घेऊन ठेवायचा, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने, टाच ब्रेकसमोर टेकवून. पहिले दोन रविवार सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर एवढाच सराव करा.

घाट

शनिवारी सकाळी बोरघाटात, जुना अमृतांजन पूल होता त्या भागात, गाड्यांची रांग लागते. पूल २०२० मध्ये पाडला तरी आम्ही जागा त्याच नावाने सांगतो. त्या रांगेत काच खाली केली की क्लचचा वास येतोच. चढताना एएमटी मॅन्युअल मोडमध्ये टाकून पहिल्या-दुसऱ्यावर ठेवा, नाहीतर ती वर-खाली गिअर बदलत बसते.

खरी परीक्षा उतरताना असते. गिअरच्या गाडीवाल्याला कुणी तरी शिकवलेलं असतं की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ऑटोमॅटिकवाला डीमध्येच ठेवतो आणि पूर्ण घाट ब्रेकवर उतरतो. डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे धरतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि ओलावा वाढला की ते लवकर उकळतं. आपल्या दमट हवेत चार-चार वर्षं तेच ऑइल ठेवणं म्हणून धोक्याचं. दर दोन वर्षांनी बदला, खर्च एका हॉटेलच्या जेवणाएवढा आहे.

एएमटीत उताराला एम-टू (मॅन्युअल मोडचा दुसरा गिअर), टॉर्क कन्व्हर्टरमध्ये 'टू' किंवा 'एल' किंवा स्टिअरिंगमागची पॅडल, सीव्हीटीत 'एल' किंवा 'एस', जे काही असेल ते टेस्ट ड्राइव्हलाच विचारून ठेवा. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनो, कृपा करून थांबा. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजच्या इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. वाचत काही नाही, आणि इंजिनाने गाडी धरून ठेवण्याचा आधार तेवढा जातो.

ज्यांचं गाव कोकणात किंवा घाटावर आतल्या बाजूला आहे आणि महिन्यातून दोनदा जाणं होतं, त्यांना मी आजही गिअरची गाडी सुचवते. बॅटरी बसली तर चार माणसं धक्का मारून चालू करतात. तालुक्याचा मेकॅनिक क्लच प्लेट डोळे मिटून बदलतो. एएमटीत क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून नवी जुळणी करावी लागते, सीव्हीटीला तर खास तेल आणि जाणकार हात लागतो. पुढच्या चाकांनी चालणारी ऑटोमॅटिक बंद पडली की पुढची चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची नाही, फ्लॅटबेडच, म्हणजे पूर्ण गाडी पाठीवर घेणारा ट्रक, बोलवायचा. गणपतीच्या दिवसांत आडरस्त्याला फ्लॅटबेड यायला किती वेळ लागतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

पाणी आणि गॅरेज

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. पाण्यापुढे सगळे गिअरबॉक्स सारखेच. पाणी चाकाच्या निम्म्यावर असेल तर जाऊ नका. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका, इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माणसं गाडीत अडकून गेली. पाणी दारापर्यंत आलं की गाडी सोडा. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर तेवढं घेऊन ठेवा.

सर्व्हिसिंगला "गिअरबॉक्स ऑइल लाइफटाइम आहे" असं ऐकवलं जातं. गाडीसोबतचं पुस्तक उघडा. खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक तिथे असतं आणि थांबत-थांबत चालणारं ट्रॅफिक त्यातच मोडतं. मुंबईकराने तेच पाळायचं.

पैशाचं म्हणाल तर एएमटी गिअरच्या गाडीपेक्षा साधारण ५० हजारांनी महाग, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी लाखाच्या वरच. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, वर गेलं की २० लाखांपर्यंत १२. काठावरचं व्हेरिएंट बघताना हा हिशेब कागदावर मांडा. इलेक्ट्रिकचा विचार सोसायटीत चार्जर लावायची लेखी परवानगी मिळाल्यावरच करा. रांगत्या ट्रॅफिकला तिच्याइतकी सोयीची गाडी नाही. एक मात्र लक्षात असू द्या, लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून लगेच घाट उतरलात तर रीजनरेशनचा ब्रेक, म्हणजे वेग कमी करताना बॅटरीत वीज भरणारा, क्षीण असतो.

भावाला मी सांगितलं, टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नकोस. चार माणसं बसव, गाडी तुझ्याच पोडियमवर ने आणि रॅम्पच्या मधोमध थांबव. सेल्समन आधी का-कू करत होता, मग आला. एएमटीत हिल होल्डचे दोन सेकंद संपले आणि गाडी वीतभर मागे आली, त्याच्या बायकोने दचकून ब्रेक दाबला. टॉर्क कन्व्हर्टरवाली जागची हलली नाही. तिने शांतपणे पाय उचलला, वळण घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याच खांबापाशी नेऊन लावली. बुकिंग तिच्या नावावर झालंय.