स्टिकरवर ३६००, आत २६६६: रॅम घेताना झालेली फसवणूक

८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम स्टिक, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्ट्या. स्टिकरवर वेग ३६००, सीएल १६ (याचा अर्थ पुढे येतो), १.३५ व्होल्ट; वर जाडजूड काळा हीटस्प्रेडर, म्हणजे उष्णता पसरवणारं कवच. बसवल्या, मशीन चालू झालं, विंडोजनं १६ जीबी दाखवली. बहुतेकांची तपासणी इथेच संपते, आणि टोपी घालणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

बिंग फुटलं ते बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला स्टिकरवरच्या वेगानं चालवणारी सोय, चालू केल्यावर. स्क्रीन काळी, पंखे दोन-तीनदा चालू-बंद, मग मदरबोर्ड आपणहून २६६६ वर परत. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: ‘सीपीयू-झेडमध्ये (हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) वेग अर्धाच दिसतो.’ हे खरंच आहे, डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून. पण ३६०० चे अर्धे १८००. इथे दिसत होते १३३३.

मग एसपीडी पाहिली. स्टिकवरच्या या बारक्या चिपमध्ये स्टिकची सगळी कुंडली असते. तिथे ३६००, १६-१८-१८-३८ (चार टायमिंग, पहिला सीएल) असं अगदी स्टिकरबरहुकूम लिहिलेलं. फक्त ही कुंडली पुसून नवी लिहिता येते. दोन्ही स्टिकचा सिरीयल नंबर शेवटच्या अंकापर्यंत एकच निघाला, म्हणजे एकच फाइल दोनदा उतरवलेली. (नुसती शून्यं दिसली तर मात्र संशय घेऊ नका, काही कंपन्या तो रकाना कोराच ठेवतात.) उरलीसुरली शंका स्टिकरच्या सुटलेल्या कोपऱ्यानं फेडली. खाली जुनं स्टिकर होतं: पीसी४-२१३००. या आकड्याला ८ नं भागा, जवळपास २६६६ येतात (आकडा थोडा गोळाबेरीज केलेला असतो). खऱ्या ३६०० वर पीसी४-२८८०० हवं.

दुसरी फसवणूक कायद्यात बसणारी आहे, म्हणून जास्त चालते. खोक्यावर ठळक ३६०० आणि सीएल २२ कुठेतरी बारीक अक्षरांत. सीएल म्हणजे किती ठोके थांबायचं. ठोका किती लांबीचा, हे वेगावर ठरतं. म्हणून हिशेब नॅनोसेकंदांत करायचा: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. ३२०० सीएल १६ चे १०. ३६०० सीएल १८ चेही १०. ३६०० सीएल २२ चे १२.२. म्हणजे जुनी ३२०० सीएल १६ काढून ही ‘वेगवान’ रॅम बसवली तर दर चॅनलला (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एकेका वाटेला) बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, २५.६ वरून २८.८ जीबी प्रतिसेकंद होते, पण पहिला डेटा हातात यायला उशीरच होतो. मोठ्या फाइली सलग हाताळणाऱ्याला हे परवडेल. गेम खेळणाऱ्यानं या सौद्यात पडू नये. डीडीआर५ मध्येही तोच खेळ: ६००० सीएल ३० चे १०, ६००० सीएल ४० चे १३.३. खोक्यावर दोन्हीकडे ६००० च.

व्होल्टेजही चुगली करतं. डीडीआर४ ३२०० चं साधं, प्रमाणित रूप सहसा १.२ व्होल्ट आणि सीएल २२. कोणी १.२ व्होल्टवर सीएल १६ सांगत असेल तर दोनदा विचारा.

पैसे देण्याआधी पूर्ण पार्ट नंबर, चारही टायमिंग आणि व्होल्टेज लेखी मागा. ‘३६०० आहे, बिनधास्त घ्या’ हे उत्तर नव्हे. पाकीट फोडताना सलग व्हिडिओ काढा. एक्सएमपी चालू करूनच मेमटेस्ट८६ च्या (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चार फेऱ्या चालवा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत. एक चूक दिसली तरी रॅम परत. ‘व्होल्टेज थोडं वाढवा’ या सल्ल्याला भुलू नका. वाढवलंत की तुम्हीच बिघडवली म्हणून विक्रेता काखा वर करेल.

मात्र आरोप करण्याआधी एक खात्री करा. एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकिंगच आहे, त्यामुळे प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) किंवा बोर्डही अडू शकतो, चार स्टिक भरल्या असतील तर शक्यता जास्तच. म्हणून एकेक स्टिक, बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत, आणि जमल्यास दुसऱ्या बोर्डावर चालवून पाहा. या जोडीतली एकही स्टिक कुठेच ३६०० धरेना, २६६६ वर मात्र दोन्ही बिनचूक चालल्या.

चिप बघायच्या नादात हीटस्प्रेडर उचकटू नका. गोंदाबरोबर चिपही सुटून येऊ शकते, आणि मग परत करायला हातात पुरावा नाही, तुटलेली स्टिक उरते.