गॅस वेल्डिंगची तांबे चढवलेली रॉड : दोन पावसाळ्यांचा अनुभव

फोंड्यातल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये स्कूटरचे मडगार्ड, पातळ पाइप आणि पत्र्याची किरकोळ कामे अजूनही गॅसवरच होतात. त्यांसाठी गेले दोन पावसाळे मी तांब्याचा मुलामा दिलेली माइल्ड स्टीलची, मीटरभर लांबीची फिलर रॉड (सांध्यात वितळवून भरायची सळई) १.६ आणि २.५ मिलिमीटर अशा दोन जाडींत वापरत आहे.

जाडी निवडताना पत्र्याच्या जाडीच्या निम्म्यात एक मिलिमीटर मिळवण्याचा जुना हिशेब मला पुरतो : १.२ च्या पत्र्याला १.६ ची रॉड आणि ३ च्या पट्टीला २.५ ची. रॉड जाड निवडली तर वितळलेला धातू थंड पडून टाका (वेल्डिंगचा सांधा) वर ढिगासारखा बसतो. फार बारीक असली तर पत्रा वितळण्याआधीच ती थेंबाथेंबाने गळते आणि ते थेंब नुसते चिकटून राहतात. रॉडचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या आवरणात ठेवून वितळलेल्या धातूच्या पुढच्या कडेला बुडवावे लागते. ज्योत न्यूट्रल, म्हणजे ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन सम प्रमाणात असलेली असली, की माइल्ड स्टीलला फ्लक्स (धातूवरचा ऑक्साइडचा थर काढणारी पूड) लागत नाही. (पैसे वाचवण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली जीआय तार वापरणाऱ्यांना जस्ताचा पांढरा धूर लवकरच हिशेब शिकवतो.)

मुलामा गंज रोखण्यासाठी असतो. त्याने टाक्याची ताकद वाढत नाही. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत मात्र हाच गुण सर्वांत मोलाचा ठरतो. गेल्या जुलैत एका दुकानातून घाईने आणलेल्या जुडीचा मुलामा जागोजागी सुटलेला होता. त्या रॉडने घातलेल्या टाक्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडली, आणि उघडलेली जुडी दुकानदाराने परत घेतली नाही. तेव्हापासून मी वेष्टनावर आयएस १२७८ हे गॅस वेल्डिंगच्या फिलर रॉडचे भारतीय मानक छापलेले आहे का ते पाहतो आणि एक रॉड पांढऱ्या फडक्याने पुसून, तपकिरी डाग पडला नाही तरच पैसे देतो.

चांगल्या जुडीबद्दल माझी तक्रार एवढीच, की १.६ ची रॉड हाताळताना फार वाकते. २.५ ची मात्र शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत सरळ चालते. उरलेल्या रॉड मी दोन्ही टोकांना टोपण लावलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवतो, आणि जून ते सप्टेंबर एका वेळी एकच जुडी आणतो.