अंबडच्या कारखान्यातील चलनवही आणि झोहो क्रिएटर: दोन वर्षांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकनियंत्रित लेथवर धातूचे भाग कातण्याचा, छोटा कारखाना आहे. कामगार 22, भागीदार दोन आणि वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या आत. पिना, बुश आणि स्पेसर आम्ही स्वतः बनवतो. हार्डनिंग (पोलाद कठीण करणे) आणि झिंक प्लेटिंग (जस्ताचा मुलामा) यांसाठी मात्र माल सातपूरला किंवा अंबडमधीलच दुसऱ्या गाळ्यांत पाठवावा लागतो. ग्राहकाकडे पोहोचण्यापूर्वी एक पिन दोनदा कारखान्याबाहेर जाऊन येते आणि प्रत्येक वेळी तिच्यासोबत एक चलन, म्हणजे मालाचा तपशील असलेली पावती, जाते. झोहो क्रिएटर हा ॲप बांधण्याचा प्लॅटफॉर्म आम्ही घेतला तो केवळ या चलनांचा हिशेब लागावा म्हणून, त्यामुळे हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे. विक्री, मनुष्यबळ किंवा ग्राहकसेवा यांसाठी तो कसा आहे, याविषयी येथे काही सापडणार नाही.

चेन्नईची झोहो कंपनी 1996 साली ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली आणि 2009 पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. क्रिएटर हे तिचे 2006 पासूनचे उत्पादन आहे. ते तयार सॉफ्टवेअर नाही, हे आधीच समजून घ्यावे. ज्या दिवशी खाते उघडले जाते त्या दिवशी त्यात काहीही नसते. फॉर्ममधील रकाने माउसने ओढून मांडायचे, त्या नोंदींवरून अहवाल तयार करायचे, आणि जेथे काही आकडेमोड किंवा अट हवी असेल तेथे डेल्यूज या त्यांच्या स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहायच्या, अशी त्याची रीत आहे. असे केलेले ॲप संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालते आणि मोबाइलसाठी वेगळे काही बांधावे लागत नाही. रकान्यांची नावे आम्ही मराठीतच ठेवली आहेत, कारण स्टोअरमधील आमच्या माणसाला ‘आवक’ आणि ‘जावक’ हे शब्द जितक्या लवकर समजतात तितके दुसरे कोणतेही समजत नाहीत.

जॉबवर्कच्या, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घेण्याच्या, चलनाला कायद्यात बरेच महत्त्व आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो. तो आला नाही, तर पाठवल्याच्या दिवशीच त्याचा पुरवठा झाला असे धरून कर आणि व्याज भरावे लागते. यंत्रसामग्रीसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे; डाय, जिग आणि फिक्स्चर यांना मुदतच नाही. याशिवाय गेलेल्या व आलेल्या मालाचा तपशील आयटीसी-04 या फॉर्ममध्ये द्यावा लागतो. उलाढाल 5 कोटींच्या वर असेल तर तो सहामाही असतो. आमच्यासारख्यांना वर्षातून एकदा, 25 एप्रिलपर्यंत भरावा लागतो. आमच्याकडे पूर्वी छापील चलनवह्या होत्या आणि एप्रिलमध्ये त्या सगळ्या टेबलावर पसरून कोणत्या चलनाचा किती माल कोणत्या चलनाने परत आला, याची जुळणी करण्यात आठ-दहा दिवस जात असत. एका चलनाचा माल तीन खेपांत परत येतो आणि तीन चलनांचा माल एका खेपेत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या आठ-दहा दिवसांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

क्रिएटरमध्ये जावक चलन हा एक फॉर्म आहे आणि आवक नोंद हा दुसरा. आवक नोंदवताना कोणत्या जावक चलनातील किती नग आले, हे निवडल्याशिवाय नोंद पुढे जातच नाही, त्यामुळे जुळणी एप्रिलपर्यंत साचत नाही. ती रोज संध्याकाळी आपोआप झालेली असते. चलन पाठवून 300 दिवस झाले आणि शिल्लक शून्य झाली नाही, तर मला ईमेल येतो. वर्षअखेरीस अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घेतला की त्यावरून आयटीसी-04 भरण्यास आमच्या हिशेबनीसांना एक दुपार पुरते.

परंतु आमच्या दृष्टीने या ॲपची खरी कमाई दुसरीच आहे आणि ती नग व किलो यांच्या भांडणातून निघाली. आमच्याकडून पिना नगांवर जातात. प्लेटिंगवाला त्या किलोवर घेतो, किलोवर बिल करतो आणि किलोवरच परत पाठवतो. 10 मिलिमीटर व्यासाच्या, 30 ग्रॅम वजनाच्या पिनेवर 8 मायक्रॉन झिंक चढले, तर तिचे वजन सुमारे एक दशांश ग्रॅमने वाढते. एका पिनेत हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र 5,000 नगांच्या लॉटमध्ये ही वाढ अर्ध्या किलोच्या आसपास जाते, म्हणजे 16 पिनांइतकी. वजन जुळले म्हणजे लॉट पूर्ण आला, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो, आणि ग्राहकाच्या मोजणीत दहा-पंधरा नग कमी भरले की डिस्पॅचच्या मुलांवर चिडत होतो. (त्या मुलांची आता माफी मागून झाली आहे.) क्रिएटरसाठी रकाने ठरवू लागलो तेव्हा प्रत्येक पार्टचे ‘वजन’ म्हणून एकच आकडा लिहायचा की दोन, हा प्रश्न प्रथमच पडला. आता 100 नगांचे प्लेटिंगपूर्वीचे वजन आणि प्लेटिंगनंतरचे वजन, असे दोन रकाने आहेत. माल जाताना पहिले लागू होते, परत येताना दुसरे, आणि डेल्यूजमधील दहा-बारा ओळी अपेक्षित नग काढून ठरलेल्या मर्यादेबाहेरचा फरक लाल रंगात दाखवतात. हे गणित कागदावरही करता आले असते. पण वीस वर्षांत ते आम्ही केले नाही, हेही खरे.

ॲप बांधून घेण्याचा पहिला प्रयत्न फसला आणि त्यात प्लॅटफॉर्मचा काही दोष नव्हता. शहरातील एका सल्लागाराला हे काम दिले होते. त्याने आमच्या कारखान्यात जेमतेम दोन तास घालवून एक देखणे ॲप तयार केले. खाते मात्र स्वतःच्या ईमेलवर उघडले आणि चार महिन्यांनी फोन उचलणे बंद केले. नोंदी दिसत होत्या, पण एक रकाना वाढवायचा झाला तरी आमच्या हातात काही नव्हते. अखेरीस सर्व नोंदी एक्सेलमध्ये उतरवून घेऊन नव्या खात्यात नव्याने सुरुवात केली आणि या वेळी बांधणी घरातच केली. वाणिज्य शाखेतून पदवी घेतलेली माझी पुतणी संगणकाची तज्ज्ञ नाही. तिने सहा आठवड्यांत, रोज दोन तास देऊन, आज चालणारे ॲप उभे केले. जो कोणी हे घेईल त्याने मुख्य खाते संस्थेच्याच ईमेलवर उघडावे, मग बांधणी कोणीही करो.

नेटचा प्रश्न अंबडमध्ये नेहमीचा आहे. रस्ता खोदला की केबल तुटते आणि पावसाळ्यात वीज जाते. मोबाइल ॲपमध्ये नेट नसतानाही नोंद भरता येते आणि नेट आल्यावर ती वर चढते. परंतु चलनाचा अनुक्रमांक सर्व्हरच देतो, त्यामुळे टेम्पो दारात उभा असताना छापील चलन मिळत नाही, आणि क्रमांकाशिवाय माल बाहेर काढता येत नाही. यावर आम्ही काढलेला मार्ग साधा आहे. जीएसटी नियम 55 प्रमाणे चलनांच्या एकाहून अधिक मालिका ठेवता येतात, म्हणून हस्तलिखित चलनांची तीन प्रतींची एक वेगळी मालिका आम्ही ठेवली आहे आणि नेट आल्यावर ती चलने ॲपमध्ये भरतो. अशा रीतीने जुनी चलनवही पूर्णपणे गेलेली नाही. ती टेबलाच्या खणात आहे.

आता या व्यवस्थेची किंमत. भाडे वापरकर्त्यामागे आकारले जाते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, ज्याचे क्रेडिट मिळते. आमच्याकडे स्टोअर, डिस्पॅच, हिशेब आणि मी, असे चारच वापरकर्ते असल्यामुळे हा खर्च जाणवत नाही. मशीनवरील प्रत्येक कामगाराने नोंद करावी असा विचार असेल, तर हेच गणित बदलते. दुसरी किंमत पैशांत मोजता येत नाही. नोंदी एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये केव्हाही बाहेर काढता येतात आणि आम्ही दर महिन्याला तशी प्रत ऑफिसच्या संगणकावर ठेवतो. परंतु डेल्यूजमध्ये लिहिलेली अट झोहोच्या बाहेर कोठेही चालत नाही. उद्या प्लॅटफॉर्म सोडायचा ठरला, तर माहिती सोबत येईल, पण ॲप तेथेच राहील.

या कारणामुळे आम्ही ईआरपीनेक्स्टचाही गांभीर्याने विचार केला होता. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे, कारखान्याचा एकूण कारभार सांभाळणारे हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याचा कोड कोणालाही वापरता व बदलता येतो), त्यात बाहेरून काम करून घेण्याचा विभाग आयता आहे, ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते आणि फ्रॅपेच्या क्लाउडवर घेतले तरी भाडे वापरकर्ते मोजून आकारले जात नाही. ज्यांच्याकडे 50 माणसे नोंदी करणार आहेत आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जाणणारा एक जण पगारावर आहे, त्यांनी माझ्या मते तेच घ्यावे. आमच्याकडे असा कोणी नाही. 2016 पासून मुंबईत असलेल्या ॲमेझॉनच्या डेटा केंद्रातील भाड्याच्या सर्व्हरवर सर्व काही नव्याने लिहून घ्यावे, असाही एक प्रस्ताव आला होता. 22 माणसांच्या कारखान्यासाठी तो मला पिठाची गिरणी विकत घेऊन भाकरी करण्यासारखा वाटला. हिशेब आजही टॅलीमध्येच आहेत आणि सीए तेच मागतात, म्हणून तेथे हात लावलेला नाही.

माहिती कोठे राहते, असा प्रश्न आमच्या एका ग्राहकाच्या ऑडिटरने विचारला होता. झोहोची भारतातील डेटा केंद्रे मुंबई आणि चेन्नई येथे आहेत आणि आमचे खाते भारतातील आहे, एवढ्या उत्तरावर त्यांचे समाधान झाले; त्यांनी पुढे ॲपपेक्षा आमच्या वजनकाट्याच्या प्रमाणपत्राचीच अधिक चौकशी केली.

गेल्या महिन्यात पुढची पायरी म्हणून प्लेटिंगवाल्यांनाही पोर्टलमधून, म्हणजे बाहेरच्यांसाठीच्या ॲपच्या दारातून, त्यांची शिल्लक पाहण्याची सोय द्यावी असे ठरवले. पोर्टलच्या वापरकर्त्यांचे भाडे वेगळे असते, ते आम्ही भरू असे सांगून मी स्वतः लिंक रोडवरील त्यांच्या गाळ्यात गेलो आणि मोबाइलवर सर्व दाखवले. त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, चांगलं आहे. पण तुम्ही आपला चलनाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकत जा, आमच्या पोरांना तेवढं पुरतं.” त्यामुळे सध्या चलन क्रिएटरमध्ये तयार होते, त्याची पीडीएफ निघते आणि तिचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो.