इमेज बनवून देणारी एजन्सी, रिव्ह्यू: २ स्टार

आमच्या उमेदवारासाठी एका एजन्सीची सर्व्हिस घेतलेली, नाव नको. रील्स, ड्रोन शॉट एकदम भारी अन् वेळेत, दोन स्टार त्याचेच. पण स्लोगन बघतो तर समोरच्या पार्टीच्या बॅनरवर पण जवळपास तेच, मग कळलं की त्यांचंही काम हेच लोक करतायत! तसं नवीन नाही म्हणा, निवडणुकीची स्ट्रॅटेजी आखून देणारे प्रशांत किशोर २०१४ ला मोदींकडे, २०१५ ला नितीश कुमारांकडे, २०२१ ला ममतांकडे, सगळीकडे जिंकले, पण २०१७ ला यूपीत काँग्रेसला ४०३ पैकी ७च जागा. आमच्या सभेत एका बाईंनी पाण्याचं विचारलं तर साहेब कॅमेऱ्याकडेच बघत बसले, उत्तर पॅकेजमध्ये नव्हतं ना.